तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

नॉर्डाल, उत्तर डाकोटा
मंगळवार, ३ जून

आदरणीय सिग्नेताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे ओर्लिनचा, अदबीने नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डात तू गुडघ्याबद्दल दोन्ही बाजूंनी भरून लिहिलं होतंस आणि डॉक्टरबद्दल वेगळा कागद जोडला होतास, तेव्हा तो अजून दुखत असणार असं धरून चालतो. अॅरिझोनात ऊन आहे का? (आहे, हे मला ठाऊक आहे. विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं.) तुझ्या भावजयीनेही, म्हणजे आर्दिसने, नमस्कार सांगितलाय. लेकीनेही सांगितला असता, पण लिन्नेआ सकाळपासून उत्तरेकडचं कुंपण दुरुस्त करतेय. इकडे आमचं सगळं ठीक आहे.

आता "ठीक आहे" या शब्दाचा आपल्या गावातला अर्थ तू इतक्या वर्षांत विसरली असशील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाबांची दोन बोटं मळणीयंत्रात गेली, त्या दिवशी ते हाताला फडकं गुंडाळून स्वयंपाकघरात आले आणि आईला म्हणाले, "ठीक आहे, जेवण झाल्यावर डॉक्टरकडे जाऊ." आणि चर्चच्या सोडतीत आईला पहिल्या बक्षिसाची गोधडी लागली, तेव्हा तीही त्याच आवाजात "ठीक आहे" म्हणाली होती. तेव्हा माझ्या "ठीक आहे"वरून आमच्याकडे बोटं गेली की गोधडी लागली, हे तुला कळणार नाही. बोटं गेलीत. फोन केला असता, पण आपले फोन तुला माहीत आहेत. तू हवा विचारतेस, मी हवा सांगतो, मग मी म्हणतो तुझं बिल वाढेल, आणि चौथ्या मिनिटाला आपण दोघं फोन ठेवून मोकळे होतो. म्हणून कागद घेऊन बसलोय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे थोडा बर्फ पडला. (ताई, तीन दिवस पडला. "थोडा" हा शब्द हाताला सवयीने आला, तो खोडत नाही, कारण पुढे त्याचाच प्रश्न आहे.) गायी विण्याचा मोसम होता. लिन्नेआच्या त्र्याऐंशी गायी. लिन्नेआच्या म्हणतो, कारण आता त्या तिच्याच. फार्गोच्या इस्पितळातली चांगली नोकरी सोडून ती चार वर्षांपूर्वी घरी आली आणि माझ्या अठ्ठावीस म्हाताऱ्या गायींचा तिने हा कळप केला. एकेक गाय तिने स्वतः निवडलेली. वारं असं सुटलं की गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालू लागली, आणि एकदा चालू लागली की ती थांबत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. कुंपणाशी थांबली असती, पण कुंपण बर्फाखाली गेलं होतं. त्यावरून चालत ती थेट खालच्या तळ्यात गेली. सेहेचाळीस गायी, ताई, आणि वासरं वेगळी. लिन्नेआ कमरेला दोर बांधून तीनदा बाहेर गेली. तिसऱ्यांदा मी दाराच्या कडीला धरून उभा राहिलो आणि तिला म्हटलं, "जपून हं."

सहा वासरं तिने ओढत घरात आणली. दोन भट्टीपाशी, तीन स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघरात टबात, कोमट पाण्यात. वादळ ओसरल्यावर आपले टॉलेफसन पाद्री विचारपूस करायला आले. कॉफी झाली, मग त्यांना न्हाणीघरात जायचं होतं. आर्दिसला सांगायला लाज वाटली आणि मला वाटलं आर्दिस सांगेल, त्यामुळे कुणीच सांगितलं नाही. पाद्री आत गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांची डावी बाही कोपरापर्यंत ओली आणि जरा चघळलेली होती. ते खुर्चीवर बसले, आर्दिसच्या लिंबाच्या वडीचं कौतुक केलं आणि टॉवेल मऊ आहे म्हणाले. वासराबद्दल त्यांनी आजतागायत एक अक्षर काढलेलं नाही. माणूस आपल्यात पुरता मुरला.

हे सगळं झाल्यावर सरकार आलं. सरकार म्हणजे येसेनिया मालडोनाडो नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी, न्यू मेक्सिकोकडची. कौंटीच्या मदत कचेरीत जानेवारीत रुजू झाली होती. पायात पातळ बूट, गाडी खेळण्याएवढी, चिखलातून ती गाडी आपल्या अंगणापर्यंत आली हेच तिच्या बाजूने सांगण्यासारखं. कौंटीतलं प्रत्येक शेत फिरून नुकसान लिहून घ्यायचं, सगळ्यांची बेरीज ठरावीक आकड्यापलीकडे गेली की आपली कौंटी आपत्तिग्रस्त ठरणार, आणि मग प्रत्येक मेलेल्या जनावरामागे मदत मिळणार, असं तिचं काम होतं. आर्दिसने दारातच कॉफी विचारली आणि ती मुलगी लगेच म्हणाली, "हो, घेईन ना!" पहिल्याच खेपेला! ताई, आर्दिस जागच्या जागी थिजली. कॉफी अजून डब्यात होती. आपल्याकडे पहिल्यांदा विचारायचं ते विचारायचं म्हणून, पाहुण्याने नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारायचं, पाहुण्याने तुम्हाला उगाच त्रास म्हणायचं. आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने बरं, अर्धाच कप म्हणायचं आणि तीन कप प्यायचे. तेवढ्या वेळात पाणी उकळतं. सगळं घर त्या हिशोबाने चालतं. आर्दिसने त्या दिवशी कॉफी केली, पण पाणी उकळेपर्यंत ती चुलीपाशीच उभी राहिली.

मग त्या मुलीने वही उघडली आणि मला सरळ विचारलं, "तुमचं नुकसान किती झालं? मदतीसाठी नाव घालू ना?"

आता तूच सांग. दारात आलेल्या परक्या मुलीने पहिल्यांदा मदत हवी का म्हणून विचारलं, तर आपल्या घरचा माणूस काय म्हणेल? मी तेच म्हटलं. म्हटलं, "छे छे, आमचं तसं काही नाही. थोडंफार हललं. तुम्ही ल्यूव्हर्नकडे जा, त्या बिचाऱ्याचं फार झालंय." आणि कपाकडे बघत दुसऱ्या खेपेची वाट बघत बसलो. दुसऱ्या खेपेला मी म्हणणार होतो, "म्हणजे, काही जनावरं गेली खरी." तिसऱ्या खेपेला आकडा. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तिने वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, माझे आभार मानले, वडी संपवली आणि निघाली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. गाडी फाटकापाशी हळू झाली, तेव्हा मला वाटलं वळली. खड्डा होता. खड्डा चुकवून ती ल्यूव्हर्नकडे गेली. तरी मी बराच वेळ तिथंच उभा होतो. लिन्नेआ त्या वेळी तळ्यावर होती, बर्फ वितळेल तशी जनावरं ट्रॅक्टरने बाहेर ओढत.

ल्यूव्हर्न तुला आठवतो ना? तुझ्या वर्गात होता, तुला नाचाला विचारायला तो फाटकापर्यंत आला होता आणि घोड्याची चौकशी करून परत गेला होता. तर त्या ल्यूव्हर्नच्या गोठ्याचं अख्खं छप्पर उडून त्याच्याच शेताच्या मधोमध पडलं होतं. येसेनिया तिथं गेली, तेव्हा ल्यूव्हर्न छप्पर नसलेल्या गोठ्यात उभा. तिने विचारलं, छप्पर कुठाय? तो म्हणाला, शेतात आहे. ती म्हणाली, तिथं कशाला? तर म्हणे, "गोठ्यात उजेड कमी पडत होता, बरेच दिवस मनात होतं." आणि तिला म्हणाला, तुम्ही ओर्लिनकडे जा, त्या बिचाऱ्याचं फार झालंय. ती म्हणाली, तिकडूनच आले. दोघांनाही वाईट वाटलं म्हणतात. असं ती मुलगी अकरा दिवस कौंटीभर फिरली. प्रत्येकाने तिला शेजाऱ्याकडे पाठवलं आणि प्रत्येकाने तिला वडी खायला घातली. बारा दिवसांनी तिच्या वहीत एकच तक्रार होती. तळ्याकाठी बंगली बांधून राहिलेला मिनियापोलिसचा एक निवृत्त दंतवैद्य आहे, त्याचं पाखरांना दाणे घालायचं घरटं मोडलं होतं. त्याने चार फोटो जोडले होते.

तर ताई, नॉर्डाल कौंटीचं एकूण नुकसान, अधिकृत आणि शिक्क्यानिशी, एक घरटं. पलीकडच्या व्हेसेली कौंटीत तेच वादळ, तेच वारं, आणि आमच्याहून कमीच बर्फ. पण तिकडे सगळे चेक लोक. त्यांना मोकळेपणाने बोलायची, गायची, रडायची सवय आहे. (आपल्या बाबांना हे कधी आवडलं नाही. मला आता वाटतं बाबांनी त्यांच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.) तिकडे म्हणे अधिकाऱ्याची गाडी दिसताच लोक रस्त्यावर आले, मेलेल्या गायींचे फोटो चौकटीत घालून आणले, एका बाईने तर प्रत्येक गाईचं नाव घेऊन तिचा स्वभाव सांगितला. अधिकारी स्वतः रुमाल काढून बसला. पंधरा दिवसांत व्हेसेली आपत्तिग्रस्त. ल्यूव्हर्नच्या मेव्हण्याची तिथं अकरा जनावरं गेली, त्याला मदत मिळाली आणि त्याने परवा नव्या अकरा गायी आणल्यासुद्धा.

आम्हाला मे महिन्यात कचेरीचं पत्र आलं. आपल्या कौंटीतील शेतकऱ्यांना मदतीची आवश्यकता नाही, याची नोंद घेतली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. लिन्नेआने ते पत्र उभ्याने वाचलं, नीट घडी केली आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा." मग फोन करून उरलेल्या सदतीस गायी वीस जूनच्या लिलावात लावल्या. सदतीस गायींवर आम्हा तिघांचं भागत नाही, हे तिला कळतं आणि मलाही कळतं. फार्गोच्या इस्पितळाने तिला परत घेतो म्हणून कळवलंय. वरच्या खोलीत तिने आपली मोठी बॅग काढून ठेवलीय. जिन्यावरून जाताना मला ती दिसते, म्हणून हल्ली मी खालीच झोपतो. आर्दिसला पाठीचं कारण सांगितलंय.

मग मी ठरवलं, कचेरीत जायचं आणि खरं काय ते सांगायचं. तसाच गेलो. तर तिथं आधीच नऊ जण बसलेले, सगळे ओळखीचे, सगळे सहज इकडून चाललो होतो म्हणून आत आलेले. खिडकीवरून हाक आली, पुढचे कोण? गुस्टाव्ह म्हणाला, हॅरल्ड, तू हो पुढे. हॅरल्ड म्हणाला, छे, मला काही घाई नाही, ओर्लिन आधी आलाय. मी म्हटलं, मी तर शेवटी आलो. असं करत साडेचार वाजले आणि खिडकी बंद झाली. दहा माणसं, चार तास, आणि खिडकीपर्यंत एकही पोचला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ल्यूव्हर्नने मला मागून ढकललं. मला वाटतं त्याचा तोल गेला, पण तो म्हणतो मुद्दाम ढकललं.

खिडकीत येसेनिया होती. मी टोपी काढली आणि म्हटलं, त्या दिवशी आमच्याकडे तुम्ही जे लिहून घेतलंत, त्यात जरा बदल करायचा होता. ती म्हणाली, "पण काका, तुम्ही स्वतः नको म्हणालात!"

म्हटलं, "हो, पण एकदाच म्हणालो."

"एकदाच म्हणजे?"

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत."

"दुसऱ्यांदा कशाला विचारायचं? तुम्ही नको म्हणालात ना!"

मी कॉफीचं उदाहरण देऊन तिला सगळं समजावलं. मागे नऊ जण बसून माना हलवत होते. ती पोर ऐकत राहिली, ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला, आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे या सगळ्यांचंच...?" मी मागे वळून बघितलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ती म्हणाली, "अहो, माझी आजी कुणी नको म्हणालं तर ताट ओढून नेते. आमच्याकडे नको म्हणजे नको!" आणि फॉर्म काढून मला दाखवला. त्यावर होय आणि नाही अशा दोनच चौकटी. तीनदा विचारायला जागाच नाही. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिची काही चूक नव्हती, आणि फॉर्म छापणाऱ्याचीही नव्हती. चूक कुणाची हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणून मला तिथं उभं राहवेना.

पण पोर जिद्दीची. तिने नियमांची जाडी वही घरी नेली आणि फेरविचाराचं कलम शोधून काढलं. गुरुवारी, बारा जूनला, सकाळी दहाला सुनावणी आहे. बिस्मार्कहून तीन अधिकारी येणार आहेत. कौंटीच्या सभागृहाचं छप्पर वादळात गेल्यामुळे सुनावणी चर्चच्या तळघरात आहे. (सभागृहाचं छप्पर गेल्याची तक्रारही कौंटीने केलेली नाही.) अट एकच. शेतकरी घरातल्या निदान एका माणसाने उभं राहून आपलं काय झालं ते आपल्या तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगायचं. लिहून दिलेलं चालत नाही. एकाने जरी नीट सांगितलं तरी बाकीच्यांची फाइल उघडते. ऐकायला किती सोपं आहे बघ.

म्हणून गेल्या गुरुवारी तळघरात सराव ठेवला होता. येसेनिया तीस मैल गाडी मारून आली, टेबलामागे अधिकारी होऊन बसली आणि एकेकाला उठवू लागली. ल्यूव्हर्न उठला. म्हणाला, "वाऱ्याने गोठ्याचं जरा..." मग थांबला, सगळ्यांचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली आणि बसला. हॅरल्ड उठला आणि त्याने व्हेसेलीच्या लोकांना मदत मिळाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. ब्याण्णव वर्षांच्या बोर्गहिल्ड आजी उठल्या तेव्हा आम्हाला आशा वाटली, कारण त्या काठी आपटत उठल्या. पण त्यांची तक्रार एकोणीसशे अठ्ठावन्न साली बदललेल्या प्रार्थनेच्या पुस्तकाबद्दल होती. आर्दिस तोंड उघडायला उठली, पण टेबलापर्यंत जाईस्तोवर तिला वाटलं लोकांना भूक लागली असेल, आणि तिने वड्या वाटल्या. मग माझं नाव पुकारलं.

"किती गायी गेल्या, काका?" येसेनियाने विचारलं.

"काही गेल्या," मी म्हटलं.

"काही म्हणजे किती?"

"म्हणजे, बऱ्याच राहिल्या."

"काका! गेलेल्या विचारतेय मी!"

ताई, माझ्या तोंडाशी सेहेचाळीस हा आकडा आला होता, शपथेवर सांगतो. समोरच्या बाकावर लिन्नेआ बसली होती, हात मांडीखाली दाबून, लहानपणी दंतवैद्याकडे बसायची तशी. तिच्याकडे बघितलं आणि मला ती दोर बांधून दारात उभी असलेली दिसली. मी म्हटलं, "ठीक आहे, निभावतं कसंबसं," आणि खाली बसलो. येसेनिया टेबलावर डोकं ठेवून म्हणाली, "अहो, रडा ना हो कुणीतरी जरा! एकाने तरी!" कुणी रडलं नाही. पाद्री उठून तिच्यासाठी कॉफी आणायला गेले. ते परत आले तेव्हा ती मुलगी स्वतःच डोळे पुसत होती, पण तिचं धरत नाहीत, ती सरकारी नोकर आहे.

असं सगळं आहे. हवा आता बरी आहे. गवत चांगलं आलंय, खायला गुरं कमी असल्यामुळे पुष्कळ वाटतं. टबातलं वासरू जगलं, ते आता आर्दिसच्या मागे मागे फिरतं आणि न्हाणीघराच्या खिडकीशी येऊन हंबरतं. तुझ्या सफरचंदाच्या झाडाला यंदा मोहोर आला होता. आमची काळजी करू नकोस. गुडघ्याला जप, आणि ऊन कमी असेल तेव्हाच बाहेर पडत जा.

तुझा भाऊ,
ओर्लिन

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिलीच. उत्तरेकडच्या कुरणाच्या कागदावर बाबांनी तुझं नाव घातलेलं आहे आणि ते अजून तसंच आहे. येसेनिया म्हणते की, त्यामुळे नियमाने तूही या घरची शेतकरीच ठरतेस आणि सुनावणीत बोलू शकतेस. आता आपल्या घराण्यात तक्रार करता येणारं माणूस एकच झालं. हॉटेलात सूप तीनदा परत पाठवलंस, बस चार मिनिटं उशिरा आली म्हणून राज्यपालांना पत्र लिहिलंस, आणि जुन्या पाद्रींच्या प्रवचनात मध्येच उठून "झालं का?" विचारलंस. आईने त्यानंतर महिनाभर मागच्या बाकावर बसून प्रार्थना केली होती. त्या वेळी आम्हाला तुझी लाज वाटायची. आता सगळं गाव तुझं नाव काढतंय. ल्यूव्हर्न म्हणाला, "सिग्ने असती तर!" आणि लाल झाला.

ता. क. दुसरा – पण उगाच त्रास घेऊ नकोस. गुडघा आहे, विमानाचा खर्च आहे, आणि इकडे डास सुरू झालेत. आमचं काहीतरी होईलच. वरचा ता. क. वाचलाच नाहीस असं समज.

ता. क. तिसरा – दुसरा ता. क. फाडून टाक. मी तो पाकीट चिकटवताना लिहिला आणि पुन्हा पाकीट उघडून हे लिहितोय.

तू गेलीस तो दिवस. तू चोवीस वर्षांची होतीस, अंगणात बॅग घेऊन उभी. त्या वेळी गायी तूच बघायचीस आणि माझ्यापेक्षा त्या तुझंच जास्त ऐकायच्या, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी शेत मला दिलं. मी तुला विचारलं, "राहतेस का?" तू म्हणालीस, "नको, मी ठीक आहे." आयुष्यभर ज्या बाईने सुपापासून प्रवचनापर्यंत सगळ्याची तक्रार केली, तिने त्या एका दिवशी केली नाही. मग तू बॅगेचा पट्टा सोडलास, पुन्हा लावलास, पुन्हा सोडलास. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. मला वाटलं तुला घाई आहे, म्हणून मी फाटक उघडून धरलं. सेहेचाळीस वर्षं झाली. त्या मुलीच्या गाडीकडे बघत अंगणात उभा होतो ना, तेव्हा मला कळलं की तू तो पट्टा का लावत-सोडत होतीस.

काल सकाळी मी लिन्नेआला म्हटलं, राहा. ती म्हणाली, नको बाबा, मी ठीक आहे. रात्रीच्या जेवणाला बटाट्यांची हॉटडिश वाढताना पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारायचंय, पण हातात काही नसताना विचारून काय उपयोग? विचारलं आणि ती हो म्हणाली तर तिला ठेवू कशावर?

आमचं फार वाईट झालंय, ताई. सेहेचाळीस गायी गेल्या आणि पोर चाललीय.

बारा तारखेला सकाळी दहाला. ये. तू म्हणशील नको. ये. तू म्हणशील गुडघा. हे तिसऱ्यांदा विचारतोय, आणि गेल्या खेपेचे दोन बाकी आहेत तेही यातच धर. ये.